मशीन नीट झाल्यावर

मी नेमका काय धंदा करतो, हे माझ्या सासुरवाडीच्या लोकांना अजून कळलेलं नाही. जळगावात एका व्यापारी संकुलाच्या पहिल्या मजल्यावर माझं दुकान आहे. जिना चढून रोज कुणी ना कुणी धापा टाकत येतं आणि आधार कार्डाची झेरॉक्स मागतं. नाही म्हटलं की ते आधी माझ्या मशीनकडे बघतं, मग माझ्याकडे. एवढं धूड समोर असून हा झेरॉक्स काढून देत नाही, म्हणजे एक तर माणूस माजलेला असणार नाहीतर मशीन बंद असणार, हे त्यांच्या तोंडावर स्वच्छ वाचता येतं. समजावून सांगणं मी केव्हाच सोडलं.

इथे मात्र सांगावं लागेल, कारण पुढचं सगळं त्यावरच उभं आहे. स्क्रीन प्रिंटिंग करणाऱ्यांना लागणारी फिल्म मी काढून देतो. लग्नपत्रिका असो, कापडी पिशवी असो की मिठाईचा खोका, जे छापायचं त्याचं काळं चित्र आधी पारदर्शक फिल्मवर उतरवावं लागतं. जितके रंग तितक्या फिल्म. छापणारा ते चित्र आपल्या जाळीवर घेतो आणि जाळीतून रबराच्या पट्टीने शाई ओढतो. माझ्या मशीनला थर्मल प्लॉटर म्हणतात. त्यात शाई नसते. आडव्या पट्टीत डोळ्यांना न दिसणारे बारीक ठिपके असतात, ते तापतात, आणि खालून सरकणारी फिल्म जिथे भाजते तिथे काळी होते. दुकानात दिवसभर जळक्या प्लास्टिकचा एक वास असतो. घरी गेलं की बायको शर्ट बाहेरच काढून ठेवायला लावते.

या धंद्यात मला आणलं माझ्या मोठ्या भावाने. तो धुळ्यात, नंबरांनी ओळखल्या जाणाऱ्या गल्ल्यांपैकी एका गल्लीत, स्क्रीन प्रिंटिंग करायचा. मी त्याला भाऊ म्हणतो, अख्खी गल्ली त्याला नाना म्हणायची. जागा म्हणजे दोन खोल्या, पण तो तिला कारखाना म्हणे आणि आम्हीही म्हणायचो. त्याचं नाव होतं ते रंगावर रंग बसवण्यात. तीन रंगांचं चित्र असेल तर तीन वेळा तीच जागा गाठावी लागते. पहिला रंग कुणीही मारतो. दुसरा जरा अवघड. तिसरा केसभर सरकला तरी चित्राला कडेने पांढरी फट पडते, आणि मग देवीसुद्धा डोळे आल्यासारखी दिसते. भाऊच्या कामात तशी फट कधी नसायची. भिंग डोळ्याला लावायचा, फ्रेमला बोटाने दोन टिचक्या मारायचा आणि आमच्या बोलीत म्हणायचा, "बसना." बसला म्हणजे बसला. पुढे हजारो कार्डं निघोत, कुणी तपासत नसे.

धुळ्यातल्या एका कापडवाल्या शेठचं काम त्याच्याकडे वर्षानुवर्षं होतं. मारवाडी शेठ, वडिलोपार्जित दुकान, लगीनसराईत पाय ठेवायला जागा नसते. त्यांच्याकडे नवरीचा शालू ज्या खोक्यात घालून देतात, त्या खोक्याच्या झाकणाला जे कार्ड लागतं त्यावर मोर असतो. हिरवा, निळा आणि वरून सोनेरी रेघ. ती सोनेरी रेघ मोराच्या मानेवरून अशी फिरते की बघत राहावं. बाकी किरकोळ कामं हळूहळू डिजिटलवाल्यांनी नेली होती. भाऊचा कारखाना खरं म्हणजे त्या मोरावर चालत होता.

गेल्या लगीनसराईच्या आधी तो मोर बिघडला.

सोनेरी रेघ मानेवरून घसरली. एका बाजूला बरोबर, दुसऱ्या बाजूला बाहेर. भाऊने पुन्हा लावून बघितलं, पुन्हा तेच. काही खोके तसेच गेले आणि परत आले. शेठ स्वतः कारखान्यात आले, खुर्चीवर बसले, चहाही घेतला. माणूस फार गोड. म्हणाले, "नाना, बुरा मत मानना. उमर होते सगळ्यांचीच. हाताला आराम द्या आता." भाऊ म्हणाला, फिल्ममध्ये काहीतरी गडबड असेल. त्यावर शेठचा मुनीम हसून म्हणाला, "नाचता येईना, अंगण वाकडं." शेठने त्याला गप्प केलं, पण बोलून झालं होतं. ते वाक्य संध्याकाळच्या आत गल्लीच्या टोकापर्यंत गेलं.

हे मला भाऊने सांगितलं नाही. वहिनीने फोन केला. ती सहसा मला फोन करत नाही. म्हणाली, "भाऊजी, एकदाव ई जा. तुमना भाऊ बोलतस नही, जेवतस नही. नुसतं ते कार्ड धरीसन बसतस."

मला त्या मुनिमाचा असा राग आला की तो समोर असता तर मी काय केलं असतं सांगता येत नाही. राग यायला दुसरं कारणही होतं. मलाही क्षणभर वाटलं होतं की भाऊचा हात गेला असेल. साखरेचा आजार त्याला बरीच वर्षं आहे, पथ्य तो पाळत नाही, पाण्याचा ग्लास धरतानाही हात थरथरतो असं वहिनी एकदा बोलली होती. जे मला वाटलं तेच मुनीम तोंडाने बोलला, एवढंच.

त्या हंगामासाठी मीच नव्याने काढून दिलेल्या तिन्ही फिल्म मी एसटीच्या पार्सलने मागवून घेतल्या. खालून उजेड येणाऱ्या काचेच्या टेबलावर ठेवल्या. हिरवी आणि निळी एकमेकींवर ठेवली, चारही कोपऱ्यांतल्या जुळवणीच्या फुल्या जुळल्या. वर सोनेरी ठेवली. एका कोपऱ्यात फुली जुळवली तर पलीकडच्या कोपऱ्यात सरकली. तिकडे जुळवली तर इकडे. मी स्टीलची पट्टी आणि भिंग घेऊन बसलो. हिरवी आणि निळी, दोन्ही रुंदीला जराशा आखूड होत्या. सोनेरी मात्र लांबीला आखूड होती. तेव्हा माझी ट्यूब पेटली.

झालं होतं ते असं. दिवाळीनंतर माझ्या मशीनची तापणारी पट्टी, आम्ही तिला हेड म्हणतो, ती गेली. सुरतेच्या एका माणसाकडून दुसरी मागवली. "एकदम सेम माल आहे, फक्त बसवा," असं तो फोनवर म्हणाला. सेम नव्हती. जराशी अरुंद होती. मशीन मात्र तिला जुन्याच रुंदीची समजत होतं, त्यामुळे प्रत्येक फिल्म आडव्या बाजूने केसभर आखडून निघत होती. एका रंगाच्या कामात हे जन्मात कुणाला कळणार नाही. लग्नपत्रिका कुणी पट्टी लावून मोजतं का? तीन रंगांच्या कामातही कळलं नसतं, कारण तिन्ही फिल्म सारख्याच आखडल्या असत्या.

पण आमच्या धंद्यात फिल्म वाया घालवणं हे पाप आहे. शिंपी उरलेल्या कापडातून खिसा काढतो तसं आम्ही रोलच्या कडेला उरलेल्या पट्ट्यात पुढचं काम आडवं घालून बसवतो. मी तर त्यात पटाईत. हिरवी आणि निळी मी उभ्या काढल्या होत्या. सोनेरीला एरंडोलच्या एका मंडळाच्या टी-शर्टाच्या फिल्मशेजारी जागा दिसली, म्हणून तिला आडवी घातली. मग तिची आखूड बाजू भलतीकडे गेली. बस, एवढंच. मोराची मान त्यात मोडली.

चूक आपलीच निघाली याचा इतका आनंद मला कधी झाला नव्हता. मी तिथूनच भाऊला फोन लावला.

"भाऊ, मशीनच खराब होतं. फिल्मच चुकीची होती. तुझा हात नाही."

तो म्हणाला, "खरं सांगस?"

"आईची शपथ."

"माले वाटनं मना हातच गया," असं म्हणून तो हसला. हसता हसता त्याला ठसका लागला, वहिनीने पाणी दिलेलं मला ऐकू आलं.

दुसऱ्या दिवशी मी दुकानाचं दार लोटून घेतलं आणि मशीनची रुंदी लावायला बसलो. मशीनच्या सेटिंगमध्ये स्कॅन विड्थ म्हणून एक आकडा असतो. हेडची ओळ किती रुंद आहे ते त्या आकड्याने मशीनला सांगायचं. मी आधी उलटीकडे गेलो. चित्र आखूड येतंय म्हणून आकडा वाढवला, तर ते आणखी आखडलं. स्वतःलाच शिवी घातली. मग डोकं चाललं की मशीनला आपण हेड मोठं सांगतोय म्हणून तर ते चित्र कमी ठिपक्यांत कोंबतंय. आकडा कमी करायला हवा. थोडा कमी केला, चौकोन काढला, मोजला. पुन्हा थोडा कमी, पुन्हा चौकोन. फिल्म गरम असते तोवर मोजायची नाही, ती खोटं बोलते. टेबलावर गार होईस्तोवर थांबायचं. इतक्या वर्षांत मी एवढ्या निगुतीने कधी काम केलं नव्हतं. शेवटी चौकोन दोन्ही बाजूंनी सारखा आला. मी तो उभा काढला, आडवा काढला, एकमेकांवर ठेवला. खालच्या रेघा वरच्या रेघांनी पूर्ण झाकल्या.

मग मोर काढला. मुद्दाम तिसरी फिल्म आडवीच घातली. तीही बसली.

फिल्म नळीत गुंडाळून मी धुळ्याला निघालो. एरंडोल, पारोळा, सगळा रस्ता मी मनात मुनिमाला ऐकवत होतो. अंगण वाकडंच होतं म्हणावं, आता सरळ केलंय, ये बघायला.

भाऊ दाढी करून, धुतलेला शर्ट घालून बसला होता. वहिनीने शेवभाजी केली होती. त्याने जेवायलाही दम धरला नाही. जाळ्या तयार व्हायला वेळ लागतो, तो त्याने तिथेच येरझारा घालत काढला. शेजारच्या कासारालाही सांगून आला की जळगावचं मशीन खराब होतं, आता नीट झालं. दुपारी खिडकीतून चांगलं ऊन आत आलं होतं. त्याने हिरवा मारला. कार्डं वाळायला ठेवली. निळा मारला. मग सोनेरीची फ्रेम लावली. भिंग डोळ्याला लावलं, फ्रेमला बोटाने टिचकी मारली, पुन्हा बघितलं, पुन्हा एक टिचकी.

"बसना," तो म्हणाला.

पट्टी ओढली, फ्रेम उचलली, कार्ड काढून माझ्या हातात दिलं. "दख रे, कसा बसना. तुनं मशीन सुधरनं, मना हात सुधरना."

सोनेरी रेघ मोराच्या मानेपासून ज्वारीच्या दाण्याएवढी बाहेर होती.

केसभर नव्हे. दाराशी उभ्या असलेल्या वहिनीलाही तिथून ते दिसलं. पूर्वीच्या खराब खोक्यांवरसुद्धा एवढी सरकलेली नव्हती. मी वर बघितलं तर भाऊ हसत होता, कपाळावर घाम, माझ्या तोंडाकडे बघत होता. तो मला फसवत नव्हता. त्याला खरोखरच ती बसलेली दिसत होती.

मी म्हणालो, "वा, भाऊ."

वहिनी आत निघून गेली. भाऊने आणखी चार-पाच कार्डं ओढली, झपाझप, पूर्वीसारखी. ओढता ओढता बोलत होता. शेठकडे आत्ताच जाऊ म्हणाला. कार्ड त्या मुनिमाच्या हातात द्यायचं, दुसऱ्या कुणाच्या नाही. चप्पल शोधायला लागला. तेव्हा मला बोलावंच लागलं.

"भाऊ, थांब. सोनेरी सरकलाय."

"कोठे?"

मी त्याचं बोट धरून रेघेवर ठेवलं, मग मानेच्या कडेवर ठेवलं. शाई ओली होती, त्याच्या बोटाला सोनेरी लागली. त्याने कार्ड खिडकीपाशी नेलं. समोर धरलं, तिरकं धरलं, मान वाकडी करून डोळ्याच्या कोपऱ्यातून बघितलं. खूप वेळ बघत राहिला. मग येऊन स्टुलावर बसला.

"म्हणजे मशीन नीट शे," तो म्हणाला.

"हो."

"पक्कं?"

"पक्कं."

त्याने बोटाची शाई फडक्याला पुसली. "मना डोया ग्यात रे," असं अगदी हळू म्हणाला, जणू कुणाची तरी बातमी सांगतोय. आणि मग म्हणाला, "आते लोकेस्ले काय सांगू?"

मी त्याच्यावर ओरडलो. हे मला अजून नीट समजत नाही, पण मी ओरडलोच. कधीपासून दिसत नाही, डॉक्टरकडे का गेला नाहीस, वहिनीला का सांगितलं नाहीस, साखर असून रोज गूळ-पोळी खातोस, तू काय स्वतःला समजतोस. वहिनी आतून रडत बाहेर आली आणि मलाच म्हणाली, "भाऊजी, बस करा." रडू तर मलाही येत होतं. मी मशीन नीट केलं नसतं तर, एवढाच विचार डोक्यात घिरट्या घालत होता. दोन दिवस का होईना, तो सुखात होता. दोष मशीनचा आहे असं त्याला वाटत होतं आणि तो जेवत होता. मीच पट्टी आणि भिंग घेऊन त्याच्या पायाखालचा तेवढा आधार काढून घेतला.

डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. साखरेने आतला पडदा खराब केलाय, अलीकडे फार झपाट्याने, म्हणाले. मधलं दिसणं बरंच गेलं आहे, कडेकडेचं आहे. गेलं ते येणार नाही, उरलं ते टिकवू. आधी यायला हवं होतं, हे वाक्य त्यांनी सगळ्याच पेशंटना म्हणतात तसं म्हटलं. उठताना भाऊने डॉक्टरांना विचारलं, "रंग मारता येईल ना?" डॉक्टरांना वाटलं हा घराला रंग देणारा आहे. ते म्हणाले, शिडीवर चढू नका.

बाहेर आल्यावर रिक्षात तो माझ्या कानाशी वाकला. "एक काम कर. कारखाना बंद करसू. पण मना डोयामुये नही. तुना मशीनमुये."

मला लगेच कळलं नाही.

"मशीन खराबच शे, असं सांग. कोणी इचारं तर."

त्याला काय हवं होतं ते मला रिक्षा पांझरेच्या पुलावर येईपर्यंत कळलं. कारखाना बंद होण्याचं त्याला दुःख होतं, पण ते त्याने गिळलं असतं. त्याला बिचारा व्हायचं नव्हतं. ज्या माणसाच्या हाताखालचं कार्ड कुणी तपासलं नाही, त्याला रस्त्याने जाताना लोकांनी हात धरून म्हणावं, "नाना, जपून हां, पायरी आहे," हे त्याला नको होतं. भावाने दगा दिला, मशीनने बुडवलं, असा माणूस चिडलेला असतो, बिचारा नसतो. मी म्हणालो, "बरं."

म्हणणं सोपं होतं. जळगावात परतल्यावर पंधरवड्यातच चोपड्याहून फोन आला. तिथला एक छापणारा, माझं जुनं गिऱ्हाईक, केळीच्या खोक्यांची कामं करतो. म्हणाला, "दादा, तुमचं मशीन रुंदी खातं म्हणे? धुळ्यात तुमच्या भावाचं त्यात पार वाटोळं झालं म्हणे?"

समोर टेबलावर तो चौकोन पडला होता, उभा आणि आडवा, एकमेकांवर तंतोतंत बसलेला. एक शब्द बोललो असतो तर झालं असतं. ये आणि मोजून घे, एवढंच. मी म्हणालो, "हो रे. थोडं खातं."

"मग दुरुस्त करा की."

"बघतोय. जमत नाहीये."

तो अवघडला. मला वाईट वाटू नये म्हणून इकडच्या तिकडच्या दोन गोष्टी बोलला आणि मग सांगितलं की तीन रंगांची कामं तो तूर्त भुसावळला देईल. नशिराबादच्या एकानेही तेच केलं, त्याने तर फोनसुद्धा केला नाही. बायको म्हणाली, खरं सांगून टाका, धंद्यावर निखारे ठेवून कसलं भाऊपण. तिचं चुकत नव्हतं. मी तिच्यावर खेकसलो, वर दोन दिवस तिच्याशी बोललो नाही. मी काही संत नाही. दुकानात बसल्या बसल्या मला भाऊचा राग यायचा. मशीन इतकं अचूक आयुष्यात कधी नव्हतं आणि त्याला काम नव्हतं. झेरॉक्स मागणारे तेवढे येत राहिले.

भाऊने कारखाना बंद केला. फ्रेमा भंगारात गेल्या, दोन्ही खोल्या भाड्याने दिल्या. वहिनी फोनवर म्हणायची, ओसरीवर बसून असतात, कुणी आलं तरी बोलत नाहीत. डोळ्यांचं घरातल्या चौघांखेरीज, म्हणजे तो, वहिनी, मी आणि माझी बायको, कुणालाही माहीत नव्हतं. घरातल्या घरात त्याला सवयीने सगळं जमायचं. बाहेर जाणं त्याने सोडलं होतं.

श्रावणात आमच्याकडे कानबाई देवी बसते. भावकीतला माणूस कुठेही असो, त्या दिवशी घरी येतो, कारण कानबाईच्या प्रसादाचे रोट भाऊबंदांनीच खायचे असतात. लेकी-जावयांनाही त्यातला घास देत नाहीत, शेजाऱ्यापाजाऱ्यांचं तर सोडाच. आणि ते संपवावे लागतात. यंदा कानबाई धुळ्यात भाऊकडेच होती. सोमवारी सकाळी विसर्जन झालं आणि दुपारी आम्ही सगळे पुरुष उरलेले रोट दह्याबरोबर खायला बसलो. दोन ओळी समोरासमोर. भाऊ माझ्या समोर होता. माझ्या डाव्या हाताला एक चुलत पुतण्या बसला होता, तो दही आणायला उठून आत गेला.

सुरतेला कापड बाजारात असलेला आमचा एक चुलतभाऊ आहे. त्याला सगळ्यांच्या सगळ्या गोष्टी हव्या असतात. त्याने रोट मोडता मोडता मोठ्याने विचारलं, "नाना, कारखाना कसाले बंद करा? इतला चांगला चालना व्हता."

ओळीतले सगळे थांबले. वहिनी वाढता वाढता तिथेच उभी राहिली. भाऊने घास खाली ठेवला.

"माले काय इचारस? याले इचार. याना मशीननी वाट लाई."

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. मला वाटलं एवढ्यावर भागेल. पण भाऊचा आवाज चढत गेला. कितीतरी महिन्यांनी तो चार माणसांत बोलत होता. "कितला डाव सांगं याले, मशीन बदल, मशीन बदल! फिल्मना कोपरा वाचाडाना नादमा मोठा भाऊना धंदा बुडाया!" मशीन बदल असं तो मला कधीही म्हणाला नव्हता. पण त्याच्या आवाजात खोटं काही नव्हतं. त्याच्या गळ्याच्या शिरा फुगल्या होत्या, हात दह्याने भरलेला तसाच वर उचललेला, पाठ ताठ. त्याला ते आता खरंच वाटत होतं. "खाले मान घालीसन काय बसस? वर दख! बोल!"

मी वर बघितलं. तो माझ्याकडे बघत नव्हता. तो माझ्या डावीकडच्या रिकाम्या पाटाकडे बोट रोखून मला रागावत होता.

चुलतभाऊ त्याच्या बोटाकडे बघायला लागला होता. आणखी दोघांच्या माना तिकडे वळायला लागल्या होत्या. मी ताट उचललं, हळूच डावीकडे सरकलो, त्या पाटावर बसलो आणि म्हणालो, "चुकलं, भाऊ."